ओळ संपली, शब्द उरला : इंग्रजी शब्द तोडायचा कुठं?

इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही तर कुठं तोडायचा आणि आडवी रेघ कुठं द्यायची, हा प्रश्न पोरांना वहीत पडतो, अर्ज टाइप करणाऱ्याला कॉम्प्युटरवर पडतो आणि फवारणीच्या दिवसांत बाटलीवरचं लांबलचक नाव वाचताना शेतकऱ्यालाही पडतो. वहीत चुकलं तर मार्क जातो. बाटली वाचताना चुकलं तर पीक जातं. म्हणून ही माहिती एका ठिकाणी दिली आहे. इंग्रजी शब्द आणि त्यांची स्पेलिंगही इथं मराठी अक्षरांतच लिहिली आहेत, म्हणजे ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांनाही चालेल.

आधी सिलॅबल म्हणजे काय ते बघू. व्याकरणाची पुस्तकं त्याला शब्दावयव म्हणतात, शाळेत सर आणि मॅडम सिलॅबलच म्हणतात. एका दमात, एका स्वराच्या आधारानं जेवढा तुकडा तोंडातून निघतो ते एक सिलॅबल. शब्दात जेवढे स्वर ऐकू येतात तेवढी सिलॅबल. इथं ऐकू येणं महत्त्वाचं आहे, लिहिलेलं नाही. ‘स्ट्रेंग्थ्स’ या शब्दात नऊ इंग्रजी अक्षरं आहेत, पण सिलॅबल एकच. ‘एरिया’ या शब्दात चारच अक्षरं, ए-आर-ई-ए, पण सिलॅबल तीन. मोजायची सोपी युक्ती म्हणजे हनुवटीखाली हात उलटा धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितकी सिलॅबल. पहिली-दुसरीच्या पोरांना हे फार आवडतं, घरी करून बघा.

आपल्याकडं २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. तरी बऱ्याच घरांत अजून स्पेलिंग पाठ करण्याची पद्धत एकच : अक्षरामागून अक्षर घोकायचं. ‘ॲग्रिकल्चर’ची अकरा अक्षरं पोरगं एका दमात म्हणतं आणि मधलं एक निसटलं की पुढचं सगळं निसटतं. तेच ए-जी, आर-आय, सी-यू-एल, टी-यू-आर-ई असे चार तुकडे केले, ॲग-रि-कल-चर, की प्रत्येक तुकडा दोन ते चार अक्षरांचा राहतो आणि आवाजाला चिकटतो. माझं मत विचाराल तर महागडा क्लास लावण्याआधी ही तुकड्यांची सवय लावावी. तिला पैसे लागत नाहीत.

मराठी डोकं इथं का अडतं?

याचं कारण आपल्या लिपीत आहे. ‘पुस्तक’ आपण लिहितो तेव्हा पु, स्त, क असे तीन घर दिसतात, कारण जोडाक्षर एकत्र लिहायची आपली रीत आहे. पण बोलताना आपण पुस्-तक असंच बोलतो. अर्धा ‘स’ आधीच्या ‘पु’ला टेकतो. आपल्या जुन्या छंदशास्त्राला हे चांगलं माहीत होतं. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू धरायचं, हा वृत्ताचा नियम दहावीपर्यंत सगळ्यांनी घोकलेला आहे. तो नियम आला कुठून? पुढच्या जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या अक्षरावर आदळतं आणि ते जड होतं, म्हणूनच ना.

आता हेच इंग्रजीत बघा. ‘डॉक्टर’ आपण लिहितो डॉ-क्टर, म्हणून पोरगं वहीत डी-ओ लिहून रेघ मारतं आणि सी-टी खालच्या ओळीत नेतं. इंग्रजीत तो शब्द तुटतो डॉक-टर असा. ‘सिस्टर’ सिस-टर, ‘मार्केट’ मार-केट, ‘विंडो’ विन-डो, ‘बास्केट’ बास-केट. दोन स्वरांच्या मधे दोन व्यंजनं आली की बहुतेक वेळा त्या दोघांच्या मधून फोडायचं. एकच व्यंजन दोनदा आलं तरी तेच : ‘रॅबिट’मधला एक बी वर, एक बी खाली. आपल्या लिहिण्यावर जाऊ नका, आपल्या बोलण्यावर जा. पुस्-तक जसं म्हणता तसंच.

दोन स्वरांमधे एकच व्यंजन असेल तर थोडं थांबून ऐकावं लागतं. पहिला स्वर लांब, मोकळा असेल तर व्यंजन पुढं जातं : टाय-गर, पे-पर, म्यू-झिक. पहिला स्वर आखूड असेल तर व्यंजन मागच्याला दार लावून घेतं : कॅब-इन, लेम-न, रिव्ह-र. आपल्याला ‘लेमन’ हा ले-मन वाटतो, पण इंग्रजी कोश एल-ई-एम इथं तोडतात. पहिल्या प्रकाराला उघडं सिलॅबल म्हणतात, दुसऱ्याला बंद. हे दोन प्रकार पोराला कळले की नवा शब्द वाचताना ‘ए’ हा ‘ए’ वाचायचा की ‘ॲ’ याचा अंदाज त्याचा त्याला येऊ लागतो. सिलॅबल शिकण्याचा खरा फायदा हाच. रेघ मारता येणं ही वरकड कमाई.

बाकी नियम भराभर सांगतो. सी-एच, एस-एच, टी-एच, पी-एच, सी-के या जोड्यांचा आवाज एक, म्हणून त्यांची जोडी फोडायची नाही : फा-दर, टिक-एट (सी-के मागं राहतात). शेवटी एल-ई असेल तर त्याच्या आधीचं व्यंजन त्याच्यासोबत जातं : टे-बल, ॲप-पल, बॉट-टल. दोन पूर्ण शब्द जोडून झालेला शब्द सांध्यावरच तुटतो : फुट-बॉल, रेल-वे, टूथ-ब्रश. पुढं जोडलेला ‘री’, ‘अन’ किंवा मागं जोडलेला ‘इंग’, ‘नेस’, ‘शन’ हा तुकडा सुटा काढायचा : री-टर्न, काइंड-नेस, ने-शन. टी-आय-ओ-एन हे ‘शन’चं कुटुंब कधीच आतून फोडू नये.

एका गोष्टीवर मात्र थांबतो, कारण तिथं आपली पोरं हमखास घसरतात. क्रियापदाला ई-डी लागला की आपण त्याचं वेगळं सिलॅबल करतो, ‘वॉकेड’, ‘जंपेड’. इंग्रजीत ‘वॉक्ट’, ‘जंप्ट’ अशी ती एकाच सिलॅबलची आहेत, म्हणून ओळीच्या शेवटी ती तुटतच नाहीत. ई-डीचं वेगळं सिलॅबल होतं ते फक्त आधी टी किंवा डीचा आवाज असेल तेव्हा : प्लांट-एड, नीड-एड. हे एवढं सांभाळलं तरी पोराचं वाचन निम्मं सुधारतं.

सिलॅबल तुटतं तिथं रेघ येतेच असं नाही

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुस्तकांतही त्यांची सरमिसळ होते. सिलॅबल हा तोंडाचा हिशोब, रेघ हा कागदाचा. ‘अगेन’ची सिलॅबल दोन आहेत, पण एकटा ए ओळीच्या शेवटी टांगून ठेवून पुढचं खाली नेत नाहीत. वर एकच अक्षर ठेवायचं नाही आणि खाली दोनच अक्षरं न्यायची नाहीत, ही छापखान्याची जुनी शिस्त आहे. म्हणूनच मोठ्या इंग्रजी कोशात मूळ शब्दाच्या मधे जे ठिपके दिसतात ते रेघ कुठं चालेल हे सांगणारे असतात. उच्चाराची सिलॅबल शेजारी वेगळी दिलेली असतात. दोन्हींचा मेळ बसला नाही म्हणून कोश चुकला असं समजू नये.

एका सिलॅबलचा शब्द कितीही लांब असो, तोडायचा नाही. माणसाचं नाव, आकडा, आद्याक्षरांचा संक्षेप तोडायचा नाही. ज्या शब्दात आधीच रेघ आहे तो त्या रेघेवरच तोडायचा, दुसरी रेघ वाढवायची नाही. लागोपाठच्या दोनपेक्षा जास्त ओळी रेघेवर संपल्या की पान कुरतडल्यासारखं दिसतं. परिच्छेदाचा शेवटचा शब्द तोडून खाली दोन अक्षरांची शेपटी ठेवणं तर फारच वाईट.

आपल्या मराठीतही ही रेघ आहे. व्याकरणात तिला संयोगचिन्ह म्हणतात. तिची कामं दोन : आई-वडील, पाप-पुण्य असे शब्द जोडणं आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिला तर तो खाली चालू आहे हे सांगणं. तिच्याहून लांब असते ते अपसारणचिन्ह, त्याचं काम वेगळं. इंग्रजीतही हायफन आणि डॅश यांत हाच फरक.

इंग्रज एका ठिकाणी तोडतो, अमेरिकन दुसऱ्या

ही रेघ छापखान्याच्या सुरुवातीपासून वापरात आहे. जर्मनीत गुटेनबर्गनं १४५५च्या सुमारास जे बायबल छापलं त्यात ओळींच्या शेवटी दोन बारीक तिरक्या रेघा आहेत, त्या शब्द तोडल्याच्याच खुणा. दोन्ही बाजू सरळ एका रेषेत आणायच्या तर शब्द तोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आजही वर्तमानपत्राच्या अरुंद कॉलमात तोच प्रश्न असतो.

पण तोडायचं कशाच्या आधारानं, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंच एकमत नाही. अमेरिकेत नोआ वेबस्टर या मास्तरानं १७८३ साली पोरांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. त्याआधी तिथं डिलवर्थ नावाच्या इंग्रज मास्तराचं पुस्तक चालायचं. त्यात ‘क्लस्टर’ हा क्ल-स्टर आणि ‘हॅबिट’ हा हॅ-बिट असा फोडलेला असायचा. वेबस्टर म्हणाला, पोरगं जसं बोलतं तसं फोडा : क्लस-टर, हॅब-इट. म्हणजे आपल्या डॉ-क्टर आणि डॉक-टरचीच भानगड. त्या पुस्तकाच्या निळ्या पुठ्ठ्यावरून त्याला निळ्या पाठीचं स्पेलर असं नाव पडलं आणि कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. तेव्हापासून अमेरिकेत उच्चाराला मान.

इंग्लंडमधे बराच काळ शब्दाच्या मुळाला मान राहिला. ‘नॉलेज’ शब्द इंग्रज ‘नो’ म्हणजे जाणणे इथं तोडतो, के-एन-ओ-डब्ल्यू वर आणि एल-ई-डी-जी-ई खाली. अमेरिकन त्यातला एल वरच ठेवतो. ‘डेमॉक्रसी’ इंग्रज डेमो-क्रसी असा तोडेल, कारण ग्रीकमधे डेमोस म्हणजे जनता. अमेरिकन डेमॉक-रसी तोडेल, कारण तोंड तसं म्हणतं. मुळावरच जायचं म्हटलं तर ‘हेलिकॉप्टर’ हेलिको-प्टर असा तोडावा लागेल, हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं आणि प्टर म्हणजे पंख. तसा कुणी तोडत नाही. म्हणून एका मॅडमनं एक सांगितलं आणि पुस्तकात दुसरं निघालं तर लगेच भांडू नका. एका लिखाणात एकच पद्धत ठेवली की झालं.

काही शब्द तर अर्थ बघितल्याशिवाय तुटतच नाहीत. ‘रेकॉर्ड’ म्हणजे नोंद असेल तर रेक-ऑर्ड, नोंद करणे असेल तर रि-कॉर्ड. ‘प्रेझेंट’ म्हणजे भेटवस्तू असेल तर प्रेझ-एंट, सादर करणे असेल तर प्रि-झेंट. स्पेलिंग मात्र दोन्हीकडं एकच. चुकीच्या जागी तोडलं तर भलताच अर्थ निघतो. ‘मॅनस्लॉटर’ म्हणजे मनुष्यवध. त्यातला एस वर ठेवून उरलेलं खाली नेलं तर वाचणाऱ्याला ‘माणसाचं हसणं’ दिसतं. ‘लेजंड्स’ म्हणजे दंतकथा. एल-ई-जीनंतर तोडलं की होतात पायाची टोकं.

हे काम यंत्राला शिकवायला बराच वेळ गेला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड नूथ या प्राध्यापकानं पुस्तकं जुळवण्याची टेक नावाची प्रणाली केली. त्याचा विद्यार्थी फ्रँक लियांग यानं १९८३ साली याच विषयावर प्रबंध लिहिला. प्रबंधाच्या नावातले मोठे शब्दसुद्धा रेघा देऊन तोडलेले आहेत, हा त्याचा विनोद. त्यानं सगळा कोश यंत्रात भरला नाही. कोणती अक्षरं शेजारी आली की तोडावं आणि कोणती आली की तोडू नये, असे ४४४७ छोटे साचे काढले. तेवढ्यावर कोशातल्या सुमारे ८९ टक्के जागा बरोबर सापडल्या. साच्यांत न बसणाऱ्या शब्दांची यादी टेकमधे वेगळी दिलेली आहे, फक्त चौदा शब्दांची. त्यात आपला ‘टेबल’ आहे. आणि ‘प्रेझेंट’ही आहे, त्याच्यापुढं तोडायची जागाच दिलेली नाही. नाम की क्रियापद हे यंत्राला कळत नाही, मग न तोडलेलंच बरं. लियांगचीच रीत पुढं लिब्रेऑफिससारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममधे आली.

बाटलीवरचं नाव

आता शेताकडं येऊ. दुकानात आपण कंपनीच्या नावानं औषध मागतो, पण काम करतं ते आत बारीक अक्षरांत लिहिलेलं मूळ घटकाचं नाव. ते नाव लांब, लेबल अरुंद. मग ते दोन ओळींत तुटतं, किंवा आपण पहिली चार अक्षरं बघून ‘तेच आहे’ म्हणतो. घोळ इथंच होतो. ‘इमि-डा-क्लो-प्रिड’ हे कापसावरच्या मावा-तुडतुड्यांचं कीटकनाशक. ‘इमा-झे-था-पायर’ हे सोयाबीनमधलं तणनाशक. दोन्ही आय-एमनं सुरू होतात. घाईत दुसरं कापसावर गेलं तर मावा राहतो आणि कापूस बसतो. तसंच ‘प्रो-फे-नो-फॉस’ आणि ‘प्रो-पा-क्वि-झा-फॉप’. पहिलं कीटकनाशक. दुसरं गवतवर्गीय तण मारणारं, सोयाबीनमधे चालतं. पण ज्वारी, मका, बाजरी, ऊस ही पिकंसुद्धा गवताच्याच जातीची आहेत, हे औषध त्यांना ओळखत नाही. दोन्ही नावांचं पहिलं सिलॅबल एकच आणि शेवटच्या सिलॅबलमधे फरक फक्त एका अक्षराचा, एस की पी.

म्हणून अशी नावं पुढून न वाचता तुकडे करून शेवटच्या तुकड्यावर नजर ठेवावी. ही नावं ठेवताना घराणं शेपटीत ठेवण्याची रीत आहे. शेवटी ‘थ्रिन’ आलं, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, तर ते कृत्रिम पायरेथ्रॉइड कीटकनाशक. ‘कोनॅझोल’ आलं, हेक्झाकोनॅझोल, प्रॉपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, तर बुरशीनाशक. ‘स्ट्रोबिन’ आलं तर तेही बुरशीनाशक. ‘सल्फ्युरॉन’ आलं तर तणनाशक, त्यातल्या ‘सल्फ’वरून ते गंधक समजू नये. ‘फॉप’ म्हणजे गवतावरचं तणनाशक. ‘फॉस’ शेवटी आलं तर बहुधा कीटकनाशक, क्विनालफॉस, क्लोरपायरीफॉस.

बहुधा म्हटलं, कारण भातपट्ट्यात वापरतात ते ‘ॲनिलोफॉस’ तणनाशक आहे. आणि ‘ग्लाय-फो-सेट’मधे फॉस मधे दडलेलं आहे, शेवटी नाही; ते तर सरसकट हिरवं जाळणारं तणनाशक. तेव्हा शेपटी ही पहिली चाळणी समजा. त्यानंतर लेबलवर कीटकनाशक, बुरशीनाशक की तणनाशक लिहिलंय, आणि कोणत्या पिकासाठी, हे वाचायचंच. लेबलवरच्या चौकोनातला लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग विषारीपणा किती ते सांगतो. औषध कशावरचं आहे ते रंग सांगत नाही. हिरवा रंग बघून ‘हे पिकाला चालतंय’ म्हणणारी माणसं आपल्याच गावांत आहेत.

फवारणीच्या वहीत नाव लिहून ठेवताना तुकड्यांनी लिहावं, क्लोर-ॲन-ट्रा-निलि-प्रोल असं. दुसऱ्या वर्षी फोनवर दुकानदाराला सांगताना नाव जसंच्या तसं पोचतं. घरातल्या सातवी-आठवीच्या पोराला हे काम द्या, त्याचा अभ्यासही होतो.

रेघ कुठं हवीच

ओळीचा शेवट सोडून शब्दाच्या पोटातली रेघ काही ठिकाणी अर्थासाठी लागते. चेकवर इंग्रजीत रक्कम लिहिताना एकवीस ते नव्व्याण्णवपर्यंतचे जोडआकडे रेघेनं जोडतात : ट्वेंटी-फाइव्ह, सेव्हंटी-टू. ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा, ‘री-साइन’ म्हणजे पुन्हा करार. स्पेलिंग एकच, फरक रेघेचा. एखाद्यानं राजीनामा दिला की नवा करार केला, हे त्या एका रेघेवर ठरतं, आणि बातमी लिहिणाऱ्यानं हे विसरून चालत नाही. सोसायट्यांच्या पाट्यांवर ‘को-ऑपरेटिव्ह’मधे रेघ असते ती दोन ओ लागोपाठ आल्यावर कुणी ‘कूप’ वाचू नये म्हणून. अमेरिकेत ती काढून टाकली आहे, आपल्याकडं इंग्रजी वळणाची चालू आहे. दोन्ही बरोबर.

अर्ज टाइप करणाऱ्यांसाठी थोडं. वर्डमधे लेआउटमधे हायफनेशन असतं, ते ऑटोमॅटिक केलं की प्रोग्राम स्वतः शब्द तोडतो. हातानं रेघ मारून शब्द तोडू नका. पुढं एक शब्द वाढला की ओळ सरकते आणि ती रेघ ओळीच्या मधेच उभी राहते. छापील अर्जांत अशा कितीतरी रेघा दिसतात. त्याऐवजी कंट्रोल दाबून रेघ दिली की ती फक्त गरज पडली तरच दिसते. उलट, रेघ असलेला नंबर तुटू नये असं वाटत असेल तर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून रेघ द्यावी. खाते क्रमांक, अर्जाचा क्रमांक यांना हीच रेघ वापरावी, म्हणजे अर्धा नंबर वरच्या ओळीत आणि अर्धा खाली असं होत नाही.